हेलिकॉप्टरने शिखरावर, घसरत पायथ्याशी: हेली-स्कीइंगची ओढ आणि त्यातला धोका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत बर्फ आजवर दोन वाटांनी येत असे. एक वाट सुट्टीतल्या मनाली-काश्मीरच्या सहलीची. दुसरी मराठा लाइट इन्फंट्रीत किंवा सैन्याच्या अन्य तुकडीत असलेल्या मुलाची, ज्याची बदली कुपवाड्याला किंवा सियाचीनला झाल्याचे कळल्यावर घरातले लोक काही दिवस फारसे बोलत नाहीत. आता मोबाइलची तिसरी वाट उघडली आहे. एखाद्या धारदार कड्यावर हेलिकॉप्टर टेकते, रंगीत कपड्यांतली चार-पाच माणसे उतरतात आणि पाठीमागे पांढरा फवारा उडवत उभ्या उतारावरून खाली झेपावतात. मग कधीतरी त्याच प्रकारच्या उतारावर माणसे गाडली गेल्याची बातमी येते आणि कट्ट्यावर निकाल लागतो की ही पैसेवाल्यांची थेरं आहेत. हा निकाल घाईचा आहे. कॅनडात शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही आता मित्रांसोबत अशा सहलीची आमंत्रणे येऊ लागली आहेत, तेव्हा या खेळात लोकांना काय मिळते आणि धोका नेमका कोणत्या ठिकाणी आहे, हे समजून घेतलेले बरे.

हा खेळ आहे तरी काय?

स्कीइंग म्हणजे दोन पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणे. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीला आडवे जखडलेले असतात. नेहमीच्या स्की-केंद्रात वर जाण्यासाठी पाळणे असतात, उतार यंत्राने दाबून सारखे केलेले असतात, आणि जिथे बर्फ कोसळण्याची भीती असते तिथे कर्मचारी सकाळीच सुरुंग लावून तो आधी पाडून घेतात. हेली-स्कीइंगमध्ये यांतले जवळजवळ काहीच नसते. हेलिकॉप्टर छोट्या गटाला आणि त्याच्या गाईडला डोंगरमाथ्यावर सोडते, गट कोणी न तुडवलेल्या बर्फातून खाली येतो आणि पायथ्याशी थांबलेले हेलिकॉप्टर त्यांना पुन्हा दुसऱ्या माथ्यावर नेते. ऑस्ट्रियातून कॅनडात गेलेले पर्वतीय गाईड हान्स ग्मोझर यांनी 1965 मध्ये ब्रिटिश कोलंबियातील बुगाबू पर्वतरांगेत हा व्यवसाय म्हणून सुरू केला, आणि पुढे तो अलास्का, न्यूझीलंड, आल्प्स असा पसरत आपल्या हिमालयापर्यंत पोहोचला.

एवढी ओढ कशाची?

या खेळातले लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात, त्याला ते ‘पावडर’ म्हणतात: नुकताच पडलेला, कोरडा, हलका बर्फ. अशा एका घनमीटर बर्फाचे वजन 50 ते 100 किलो असू शकते, म्हणजे त्यात बहुतांश हवाच असते. दाबलेल्या उतारावर पट्ट्यांखाली कडक पृष्ठभाग लागतो आणि खरखर ऐकू येते. पावडरमध्ये पायाखाली टणक काही लागतच नाही, आवाज जवळजवळ बंद होतो आणि प्रत्येक वळणावर शरीर थोडे बुडते, थोडे वर येते. ज्यांनी तो अनुभव घेतला आहे ते त्यासाठी वर्षभराची बचत मोडतात. पूर्वी हे कसब मोजक्यांनाच साधत असे, परंतु 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रुंद पट्ट्या प्रचारात आल्या, त्या बर्फावर तरंगू लागल्या आणि मध्यम कुवतीच्या माणसालाही खोल बर्फ खुला झाला. स्नोबोर्ड तर मुळातच रुंद.

दुसरे आकर्षण हिशेबाचे आहे. पायी चढून गेल्यास चार-पाच तासांच्या दमछाकीनंतर एक उतरण मिळते. हेलिकॉप्टरने एका दिवसात दहा-बारा मिळू शकतात. कॅनडातील आठवडाभराच्या सहली तर उतरलेल्या उंचीच्या बेरजेवर विकल्या जात, आणि 30,500 मीटर ही त्यातली प्रसिद्ध बेरीज आहे. अशा आठवड्याचा खर्च दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे सहज जातो, आणि त्यात विमानाचे तिकीट धरलेले नसते.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. पावडरचा आनंद सपाटीवर मिळत नाही, कारण खोल बर्फात पट्ट्या अडकतात. उतार बऱ्यापैकी उभा लागतो. बर्फ ताजा लागतो, भरपूर लागतो आणि त्यावरून आधी कोणी गेलेले नको असते. उभा उतार, ताजा भर आणि न तुडवलेला थर या तीन अटी पूर्ण झाल्या की उतरण उत्तम होते, आणि डोंगरावरचा बर्फ कोसळण्यासाठीही याच तीन अटी सर्वांत सोयीच्या असतात.

बर्फ कोसळतो कसा?

हिमस्खलन म्हणजे वरून बर्फाचा गोळा घरंगळत येऊन मोठा होणे, अशी समजूत चित्रांमुळे झाली आहे. माणसे मारणारे हिमस्खलन बहुधा तसे नसते. डोंगरावर बर्फ हिवाळाभर थराथराने साचतो आणि प्रत्येक थराची घडण वेगळी असते. निरभ्र, गारठ्याच्या रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर नवा बर्फ पडला की तो नाजूक थर गाडला जातो, पण नाहीसा होत नाही. कधी जमिनीलगतचा बर्फच सुटा, दाणेदार होतो आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. त्याच्या वर वाऱ्याने दाबून बसवलेला घट्ट थर असेल, तर सगळी रचना धोक्याची झाली. तिरक्या पाटावर नाचणीचे दाणे पसरून त्यांच्यावर शहाबादी फरशी अलगद ठेवावी, तशी ही स्थिती असते: फरशी जागेवर राहते, दिसायला भक्कम दिसते, आणि तिच्यावर नेमक्या जागी थोडा भार पडला की तुकड्यातुकड्याने नव्हे, सबंध निसटते. उतारावर मधेच उभा असलेला माणूस त्या वेळी फरशीच्या काठावर नसतो, तिच्यावरच असतो.

यात कोनाला फार महत्त्व आहे. शाळेच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. एकाचा लहान कोन 30 अंशांचा, दुसऱ्याचा 45 अंशांचा. बहुतेक घातक हिमस्खलने या दोन कोनांच्या दरम्यानच्या उतारांवर होतात. उतार त्याहून कमी असेल तर थर सहसा निसटत नाही. फार जास्त असेल तर बर्फ साचण्याआधीच थोडाथोडा गळून जातो. स्कीइंगसाठी रंगतदार मानले जाणारे उतार मात्र नेमके याच टापूत येतात.

आणि तो जास्तीचा भार कोण घालतो? ज्या हिमस्खलनांत माणसे सापडतात, त्यांतली सुमारे 90 टक्के खुद्द त्या माणसांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेली असतात. डोंगर अंगावर आला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याला हलवणारे आपणच असतो. निसटलेला कोरडा थर काही सेकंदांत ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, आणि थांबल्यावर तोच हलका बर्फ इतका आवळून बसतो की एका घनमीटरचे वजन 300 ते 500 किलो भरते. त्यात गाडलेल्या माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही.

गाईड हा नाजूक थर शोधतात कसा, ते पाहण्यासारखे आहे. उतारावर खड्डा खणून ते 30 सेंटिमीटर लांब-रुंद असा बर्फाचा खांब चारी बाजूंनी मोकळा करतात, त्याच्या डोक्यावर फावड्याचे पाते ठेवतात आणि त्यावर थापा मारतात: आधी फक्त मनगट हलवून दहा, मग कोपरापासून दहा, शेवटी खांद्यापासून दहा. कितव्या थापेला आणि किती खोलीवर खांब चिरून निसटला, याची नोंद होते. मनगटाच्या थापांनाच तो सटकन सरकला तर त्या उताराकडे पाठ फिरवायची. या परीक्षेला मर्यादा आहे, कारण खड्डा एका जागचा आणि उतार अफाट. पन्नास मीटर पलीकडे थरांची मांडणी वेगळी असू शकते.

चढण वाचली, म्हणजे आणखी काय गेले?

जो पायी चढतो, त्याला डोंगर चार-पाच तास माहिती देत राहतो. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येतो, पट्ट्यांच्या टोकांपासून तडे पळतात, शेजारच्या उतारावर काल कोसळलेला बर्फ दिसतो, वाऱ्याने कोणत्या बाजूला भर घातली आहे ते कळते, आणि परत फिरण्याचा विचार करायला वेळही मिळतो. हेलिकॉप्टर हे सगळे पाच मिनिटांत ओलांडते. माझ्या मते या खेळाचा खरा धोका समजून घ्यायचा तर पंख्याच्या पात्यांपेक्षा या हरवलेल्या चार तासांकडे पाहायला हवे. चांगल्या कंपन्या ती उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढतात: गाईड रोज सकाळी बसून त्या भागातल्या प्रत्येक उताराचे नाव घेतात आणि आज कुठे जायचे, कुठे अजिबात नाही, हे हवेत जाण्याआधीच ठरवतात, जेणेकरून माथ्यावर उभे राहून, समोर कोवळे ऊन आणि मागे उत्सुक पाहुणे असताना, मोहात निर्णय घ्यावा लागू नये.

मोहाचे कारण पैसा आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. आठवड्याचे पैसे भरलेले, तीन दिवस ढगांमुळे उड्डाण रद्द झालेले, चौथ्या दिवशी आकाश निवळले आणि वर दीड मीटर ताजा बर्फ. सर्वांत हवाहवासा वाटणारा हाच दिवस, आणि मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला दिवस म्हणून जपून राहण्याचाही हाच. हिमस्खलनाच्या इशाऱ्यांची पाच पातळ्यांची मोजपट्टी असते आणि सर्वांत जास्त बळी तिसऱ्या, म्हणजे मधल्या पातळीच्या दिवशी जातात; चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरीच बसतात, तिसऱ्या पातळीला ‘बघू या’ म्हणतात.

खुद्द हेलिकॉप्टरचे काय?

उंचीवर हवा विरळ असल्याने पात्यांना पकड कमी मिळते आणि भार मोजूनमापून घ्यावा लागतो. त्याहून फसवी अडचण म्हणजे पांढरा अंधार. उतरताना पात्यांच्या वाऱ्याने ताजा बर्फ उडतो, आकाश आणि जमीन यांतली रेघ पुसली जाते आणि पायलटला आपण स्थिर आहोत की सरकत आहोत हेच कळेनासे होते. म्हणूनच न्यायला येणाऱ्या हेलिकॉप्टरची वाट पाहणारा गट बांधलेल्या पट्ट्यांशेजारी गुडघ्यांवर, एकमेकांना खेटून, माना खाली घालून बसलेला असतो आणि जागचा हलत नाही: त्या पांढऱ्या गोंधळात पायलटच्या नजरेला तेवढीच एक खूण असते. उताराच्या वरच्या बाजूने हेलिकॉप्टरकडे जायचे नाही, हा पहिला नियम, कारण त्या बाजूला जमीन पात्यांच्या जवळ आलेली असते.

27 मार्च 2021 रोजी अलास्कातील निक हिमनदीजवळ अशीच एक सहल हेलिकॉप्टर कोसळून संपली. पायलटसह सहापैकी पाच जण मरण पावले. त्यांत चेक प्रजासत्ताकातील सर्वांत श्रीमंत गृहस्थ पेत्र केल्नर होते. अमेरिकी तपासयंत्रणेने या पांढऱ्या अंधाराला पायलट नीट तोंड देऊ न शकल्याचे कारण नोंदवले, आणि मदत पोहोचायला कित्येक तास लागले.

“पण सोबत गाईड असतो, यंत्रे असतात ना?”

असतात, आणि त्यांचा उपयोगही होतो. प्रत्येकाच्या अंगावर बीकन नावाचे छोटे यंत्र असते. ते सतत 457 किलोहर्ट्झवर संदेश सोडते. कोणी गाडला गेला की बाकीचे आपापली यंत्रे शोधाच्या बाजूला वळवून त्याच्याकडे जातात, लांब सळई बर्फात खुपसून नेमकी जागा ठरवतात आणि फावड्याने खणतात. फुगणारी पिशवी असलेली पाठपोतडी माणसाला वाहत्या बर्फाच्या वरच्या थरात राखायला मदत करते. कॅनडात या व्यवसायातील मृत्यूंचे प्रमाण सुरुवातीच्या दशकांपेक्षा बरेच खाली आले आहे, याचे श्रेय प्रशिक्षण आणि शिस्तीला द्यावेच लागेल. तिथेच, बुगाबूमध्ये, मार्च 1991 मध्ये एका हिमस्खलनाने नऊ जणांचा बळी घेतला होता.

मात्र घड्याळ निर्दय आहे. स्वित्झर्लंडमधील अनेक दशकांच्या नोंदींनुसार पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढले तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास झाला की तिघांपैकी जेमतेम एक. बहुतेकांचा जीव गुदमरून जातो, बाकीचे झाडा-खडकांवर आपटून दगावतात. म्हणजे वाचवणारा जो कोणी असेल तो जागेवरच हजर असावा लागतो. गावातून पथक येईपर्यंत वेळ उरत नाही. एका वेळी एकानेच उतार उतरायचा आणि इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, ही पद्धत त्यासाठीच आहे.

आपल्याकडे यावर एक हमखास प्रश्न येतो: धारवाड जिल्ह्यातले लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद तर सहाव्या दिवशी जिवंत सापडले होते ना? 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, दहा जवान गाडले गेले आणि 8 तारखेला कित्येक फूट बर्फाखाली हनुमंतप्पा श्वास घेत असलेले आढळले. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ते तंबूत, हवेच्या पोकळीत होते. उघड्या उतारावर सापडलेल्या माणसाभोवती तंबू नसतो. तोंडापुढची मूठभर जागा त्याच्याच श्वासाच्या ओलीने बर्फाळून बंद होते. त्यांच्या जिद्दीला वंदन करावे, पण तो अपवाद होता हे विसरू नये.

यंत्रांचीही हद्द असते. 4 मार्च 2025 रोजी अलास्कातील गर्डवूडजवळ हेली-स्कीइंगचे तीन पाहुणे गाडले गेले. बीकनमुळे ते साधारण कुठे आहेत हे सोबतच्यांना कळले. पण वर 12 ते 30 मीटर बर्फ असल्याचा अंदाज होता. तेवढे फावड्याने खणणे शक्यच नव्हते.

स्नोबोर्डवाल्यांची वेगळी पंचाईत

पडल्यावर स्कीच्या पट्ट्या पायांतून सुटतात. स्नोबोर्ड सुटत नाही, आणि वाहत्या बर्फात तो पायांना खाली ओढत राहतो. सपाट जागी वेग संपला तर स्नोबोर्डवाल्याला फळी काढून कमरेएवढ्या बर्फातून चालावे लागते. घनदाट सूचिपर्णी झाडांच्या बुंध्यांभोवती, फांद्यांच्या आडोशामुळे, भुसभुशीत बर्फाचे खोल खळगे तयार होतात. त्यात डोके खाली करून कोणी पडला तर हिमस्खलन न होताही तो गुदमरतो. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खळग्यांत ठेवून प्रयोग केले गेले, तेव्हा दहापैकी नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आले नाही. म्हणून झाडीत जोडीने उतरायचे आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचे नाही.

मग बंदी का घालत नाहीत?

काही देशांनी घातली आहे. फ्रान्सने 1985 च्या पर्वत कायद्याने हौशी प्रवाशांना हेलिकॉप्टरने डोंगरावर उतरवणे बंद केले; स्वित्झर्लंडमध्ये ठरवून दिलेल्या सुमारे 40 जागांवरच उतरता येते; कॅनडात परवान्याने चालते. फ्रान्सच्या निर्णयामागे माणसांच्या सुरक्षेपेक्षा डोंगराची शांतता होती. एक हलके हेलिकॉप्टरही तासाला दीडशे ते दोनशे लिटर इंधन जाळते, आणि ब्रिटिश कोलंबियात डोंगरी कॅरिबू (रेनडिअर जातीची हरणे) व रानबकऱ्या या आवाजाने बिथरतात, तेही हिवाळ्यात, जेव्हा त्यांच्या अंगातली शक्ती आधीच आटलेली असते. ‘स्वतःच्या पैशाने जीव धोक्यात घालतात, आपले काय जाते’ हा युक्तिवाद मला म्हणूनच अपुरा वाटतो. पायलट, गाईड आणि शोधपथकातली माणसेही त्याच उतारावर असतात.

सोलांगला आपण करतो ते हेच का?

नाही. मनालीच्या रस्त्यालगत भाड्याचा कोट आणि गमबूट चढवून, सोलांगच्या मैदानावर एकाचा हात धरून दहा फूट घसरणे आणि हेली-स्कीइंग यांत फक्त बर्फ सामाईक आहे. खरे हेली-स्कीइंगही मनालीतूनच चालते. 1990 च्या दशकापासून हनुमान टिब्बा, देव टिब्बा, चंद्रखणी या परिसरात 4,000 मीटरच्या वरच्या माथ्यांवर परदेशी पाहुण्यांना उतरवले जाते. शरीराला उंचीची सवय होण्याआधीच काही मिनिटांत दोन हजार मीटर वर जाणे, ही त्यात हिमालयाची खास भर. गुलमर्गला तर हेलिकॉप्टरचीही गरज नाही, कारण गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत पोहोचवतो आणि आखलेल्या मार्गाबाहेर पाऊल टाकले की तोच न तुडवलेला उतार सुरू होतो. तिथे फेब्रुवारी 2023 मध्ये पोलंडचे दोन आणि फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात दगावला. फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गजवळ प्रशिक्षण घेणारे 17 जवान गेले होते.

तरीही जायचेच असेल तर

आधी साध्या स्की-केंद्रात, न दाबलेल्या उतारावर, न थकता दिवसभर उतरता यायला हवे. ‘शिकवून घेऊ’ म्हणणाऱ्या दलालाकडून निघून यावे. कंपनीला विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. गाईडकडे पर्वतीय गाईडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रमाणपत्र आहे का, एका गाईडमागे किती पाहुणे असतात, पहिल्या सकाळी बीकन शोधण्याचा सराव घेतात का, आणि हवामानामुळे उड्डाण रद्द झाले तर पैसे परत मिळतात का. या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक वजन देईन, कारण जिथे रद्द दिवसाचे पैसे परत मिळतात तिथे पाहुण्याला उडण्याची घाई नसते. भारतात असाल तर चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे काढते. ते त्या त्या सकाळी पाहावेत. आणि विम्याची कागदपत्रे निघण्यापूर्वी ओळीन् ओळ वाचावीत: आपल्याकडच्या सर्वसाधारण प्रवास विम्यात आणि वैयक्तिक अपघात विम्यातही साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, आणि जिथे ते जास्तीचा हप्ता घेऊन समाविष्ट करतात तिथेही आखलेल्या मार्गाबाहेरचे स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन बाबी वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात.